कुत्रा गरीब आहे, पण कासव गप्प आहे



व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाच्या माणसाने कुत्र्या-कासवावर बोलावं, हे काहींना थोडं विचित्र वाटेल. पण गेली काही वर्षं कर्वेनगरात, कोथरूडात, वारज्यात जिथे जिथे आम्ही बोलायला जातो, तिथे व्याख्यान संपल्यावर कुणीतरी प्राण्यांविषयी विचारतंच. त्यातला एक प्रश्न साधा दिसतो, पण सोडवायला बसलं की त्यात अनुमान येतं, नीती येते, कायदाही येतो. प्रश्न असा : घरात कुत्रा आहे, मुलांच्या हट्टापायी कासवही आलं आहे, दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. एकत्र, मोकळं ठेवू नये. कुत्रा कितीही गुणी असला तरी नाही, आणि आपण समोर बसलो असलो तरी नाही. आता हे असं का, ते पाहू.

कवच म्हणजे काय

सगळा घोटाळा इथून सुरू होतो. आपल्याला वाटतं, कासवाला काय होणार, त्याच्या पाठीवर ढाल आहे! महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे दगडी कासव असतं, त्यावर आपण बिनदिक्कत हात टेकवतो. मनात कुठेतरी तेच दगडी कासव असतं. खरं कासव दगडाचं नाही.

ढाल हा शब्दच दिशाभूल करतो. ढाल हातात धरतात, फुटली तर टाकून दुसरी घेतात. कासवाचं कवच हे त्याचं अंग आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन, एकमेकींना जुळून पाठीचं कवच तयार झालेलं असतं. त्यावर केराटिनचे पातळ तुकडे बसवलेले असतात. आपल्या नखांतही केराटिनच असतं. त्या तुकड्यांखाली जिवंत हाड आहे. त्याला रक्तपुरवठा आहे, मज्जातंतू आहेत. कवचावर बोट फिरवलं तरी कासवाला कळतं, आणि कवच फुटलं की दुखतं. कासव कवचातून 'बाहेर' येऊ शकत नाही. कवचाच्या आत कासव नसतं, कवचासकट ते कासव असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागूनच, त्याच्या खाली असतात. कुत्र्याचा सुळा कवचातून आरपार गेला, तर तो थेट फुप्फुसापाशी पोचू शकतो. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नाही, ते नीट खोकूही शकत नाही. आत रक्त किंवा पू साचला तर तो बाहेर टाकण्याची सोय फार तोकडी. शिवाय कुत्र्याच्या तोंडात असंख्य जिवाणू असतात. वरून टाचणीएवढं दिसणारं भोक आतमध्ये आठवडाभराने सडलेलं असू शकतं. लहान पिलांची तर गोष्टच वेगळी. त्यांचं कवच अजून पुरतं कडक झालेलं नसतं, दाबलं तर दबतं.

कवच भरून येतं, नाही असं नाही. पण हाड भरायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. कासवाचं शरीर बाहेरच्या उन्हावर चालतं, त्यामुळे त्याचं बरं होणंही त्याच्याच चालीने होतं.

'आमचा कुत्रा गरीब आहे'

आता कुत्र्याकडे वळू. हा विषय काढला की पहिलं वाक्य हेच येतं : आमचा कुत्रा गरीब आहे हो, मांजराच्या पिलालासुद्धा काही करत नाही. हे वाक्य खोटं नसतं. पण त्यावरून जे अनुमान काढलं जातं, ते चुकीचं असतं.

आपल्या न्यायशास्त्रात याचं फार चांगलं विवेचन आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हटलं की चुकलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? कारण सरपण ओलं असतं. ही जी न बोललेली अट, ओल्या सरपणाची, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी लपलेली असली की व्याप्ती खरी वाटत राहते, आणि एक दिवस फसवते.

'आमचा कुत्रा कुणाला चावत नाही' यात लपलेली उपाधी कोणती? कुत्र्याची पिलं एकमेकांशी खेळताना चावतात. एकाने जोरात दात लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. त्यातून पिलाला कळतं, एवढा दाब चालतो, याच्यापुढे नाही. पुढे माणसांच्या घरातही तेच होतं. मूल 'आई गं' म्हणून ओरडतं, मांजर फिस्कारून पंजा मारतं, कुत्रा मागे सरतो. म्हणजे आपल्या कुत्र्याचा गरीबपणा हा एकट्या कुत्र्याचा गुण नाही. समोरचा 'थांब' म्हणतो आणि हा थांबतो, असा तो दोघांचा मिळून झालेला व्यवहार आहे. समोरच्याने 'थांब' म्हणणं, ही ती उपाधी.

कासव 'थांब' म्हणत नाही. ते केकाटत नाही, पंजा मारत नाही, पळत नाही. डोकं आत ओढताना फुप्फुसातली हवा बाहेर पडून फार तर 'फुस्स' असा आवाज होतो. मग ते अंग आखडून बसतं. आणि इथेच उलटं होतं. अंग आखडलेलं कासव कुत्र्याच्या दृष्टीने प्राणी राहतच नाही. ती एक गोल, टणक, हाडाचा वास असलेली वस्तू होते. आपण दुकानातून विकत आणून त्याला चघळायला देतो, तशीच. कुत्र्याच्या मनात वैर नसतं, राग नसतो, बहुधा शिकारही नसते. तो चघळत असतो.

रानात अंग आखडणं ही उत्तम युक्ती आहे. भुकेला कोल्हा थोडा वेळ झटतो, दात लागत नाहीत म्हणतो आणि दुसरीकडे जातो. त्याला पोट भरायचं आहे, वेळ दवडून भागत नाही. पण फ्लॅटमधला कुत्रा जेवलेला असतो. त्याच्यापाशी अख्खी दुपार असते. कासवाची युक्ती भुकेल्या शत्रूसाठी आहे, कंटाळलेल्या सोबत्यासाठी नाही.

'पाच वर्षं एकत्र आहेत, काही झालं नाही', हा दुसरा युक्तिवाद. बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ साली एका छोट्या पुस्तकात कोंबडीचा दाखला दिला आहे. रोज दाणे टाकणारा हातच एक दिवस तिची मान मुरगळतो. पाच वर्षांचा अनुभव एवढंच सांगतो, की पाच वर्षांत तसा प्रसंग जुळून आला नाही. फटाके वाजले, घरात पाहुणे आले, फिरायला नेणारा मुलगा परगावी शिकायला गेला, किंवा कासवानेच त्या दिवशी जरा भरभर पावलं टाकली, आणि प्रसंग जुळला. पशुवैद्यांकडे अशी कासवं येतात, तेव्हा बरोबर आलेल्या माणसांचं म्हणणं पुष्कळदा हेच असतं : आजवर कधी असं केलं नव्हतं.

दोन प्राणी, दोन जगं

याकोब फोन उक्सक्युल नावाचा जीवशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक प्राणी आपापल्या इंद्रियांनी बनलेल्या जगात राहतो. आपल्याला वाटतं कुत्रा आणि कासव एकाच हॉलमध्ये आहेत. पण कुत्र्याचा हॉल वासांचा, आवाजांचा आणि माणसांच्या येण्याजाण्याचा आहे. कासवाचा हॉल उन्हाच्या पट्ट्याचा, जमिनीच्या ऊबेचा आणि लपायच्या कोपऱ्याचा. त्याला सोबत नको असते. जमिनीवरचं कासव रानात एकटंच हिंडतं. कूर्मी नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते, ही आपल्या संतसाहित्यातली फार सुंदर कल्पना आहे; पण प्रत्यक्षात मादी खड्ड्यात अंडी घालते, माती ओढते आणि निघून जाते. 'दोघांची मैत्री आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा कुत्र्याचं कुतूहल आणि कासवाचा नाइलाज यांची बेरीज करून आपण मैत्री हा शब्द वापरत असतो.

आणि हा नाइलाज दिसत नाही. सारखं कुणी हुंगतंय, पंजाने ढकलतंय, म्हटल्यावर कासव खाणं कमी करतं, लपून राहतं, उन्हात यायचं टाळतं. ऊन नाही म्हणजे पचन नाही, कॅल्शियम नाही. घरातले म्हणतात, शांत आहे बिचारं! दात एकदाही न लागता कासव असं हळूहळू खंगू शकतं. कुत्र्याने पालथं केलेलं कासव गॅलरीच्या उन्हात वेळेवर सरळ झालं नाही, तर तेवढ्यानेही मरतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं, तसा तो विषयांपासून इंद्रियं आवरून घेतो. उपमा आपल्या जागी योग्यच आहे. पण ती उलटी वाचू नये. आखडून बसलेलं प्रत्येक कासव स्थितप्रज्ञ नसतं. बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं.

धोका उलट्या बाजूनेही आहे

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू पुष्कळदा असतात. कासव धडधाकट दिसतं, विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत राहतात. कुत्र्यांना विष्ठा हुंगायची, चाटायची, प्रसंगी खायची सवय असते, हे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. तो कुत्रा नंतर आजोबांचा हात चाटतो, रांगत्या बाळाच्या तोंडाला तोंड लावतो. पाच वर्षांखालची मुलं, वृद्ध माणसं, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांना हा जुलाब-तापाचा आजार जड जाऊ शकतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ साली बंदी झाली, ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

दुसरं, खाण्याचं. जमिनीवरची पाळीव कासवं बहुतेक शाकाहारी असतात, पण कुत्र्याच्या ताटलीतलं खाणं समोर आलं तर खातात. त्यातली प्रथिनं त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत. तिसरं, औषधांचं. कुत्र्यांना गोचीड-जंतांसाठी दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला विषासारखं आहे. उरलेलं औषध 'याला पण थोडं' म्हणून देणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

वेळासची जाळी

मग उपाय काय? महाराष्ट्रात कुत्रा आणि कासव यांचा प्रश्न एके ठिकाणी फार नीट हाताळला गेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. ही अंडी माणसं काढून न्यायची, कुत्री आणि कोल्हे उकरून खायचे. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. घरटं सापडलं की अंडी अलगद काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा तशीच पुरायची, पिलं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. आता पिलांचं ते समुद्राकडे जाणं पाहायला पुण्याहून माणसं जातात.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी. माणसांची समजूत घातली, कारण माणसाला समजूत घालता येते. कुत्र्यांपुरता उपाय मात्र जाळीचा होता. कुत्रा शहाणा होईल, या भरवशावर अंडी उघडी ठेवली नाहीत.

घरातही तेच. कासवाला स्वतंत्र, दार लागणारी खोली किंवा बंद आवार हवं. आवाराच्या भिंती आरपार दिसणाऱ्या नसाव्यात. पलीकडचं दिसलं की कासव तिथेच धडका देत राहतं, आणि कुत्रा बाहेरून टक लावून बसतो. वरून झाकण हवं. खाली माती असेल तर कुंपण जमिनीत खोलवर गाडलेलं हवं, कारण उकरणं हा कुत्र्याचा जन्मजात हक्क आहे. 'आम्ही लक्ष ठेवतो' ही व्यवस्था नव्हे. दात लागायला एक क्षण पुरतो, आणि लक्ष ठेवणाऱ्याचा फोन वाजतोच.

पण मुळात ते कासव कुठून आलं?

आता अवघड भाग. आपलं कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आश्रम इथे आणला, तेव्हा हे गावाबाहेरचं माळरान होतं. आता पुनर्विकासात बंगल्यांच्या जागी इमारती झाल्या, आणि अंगणातले प्राणी गॅलरीत आले. या गॅलऱ्यांमधली कासवं साधारण दोन प्रकारची असतात.

पहिलं, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव. ते कोरड्या, झुडपी प्रदेशातलं, भारत-पाकिस्तान-श्रीलंकेतलं. वास्तूसाठी, भरभराटीसाठी म्हणून ते चोरून विकलं जातं. कासवामुळे पैशांचा पाऊस पडतो म्हणणारेही आहेत! २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात त्याला सर्वांत कडक यादीत घातलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार ते पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तिथे 'कुत्र्याबरोबर ठेवावं का' हा प्रश्नच उरत नाही. ठेवायचंच नाही.

दुसरं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर. हे अमेरिकेतलं पाण्यातलं कासव. नाण्याएवढं असताना काचेच्या भांड्यात विकलं जातं, पुढे ताटाएवढं होतं आणि तीस-तीस वर्षं जगतं. ते मोठं झालं की जमिनीवर फिरायला सोडतात, आणि कुत्र्याशी गाठ तिथेच पडते.

दोन्ही बाबतींत एक गोष्ट करू नका : मुठा नदीत किंवा तळ्यात सोडू नका. स्टार कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात बुडून मरतं. स्लायडर मरत नाही, उलट इथल्या कासवांच्या जागा बळकावतं. जगातल्या अतिउपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. पुण्य म्हणून केलेलं हे सोडणं दोन्हीकडून पाप ठरतं. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करावा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : कुत्रा चावलाच, तर लगेच काय करायचं?*

आधी कुत्रा दुसऱ्या खोलीत बंद करा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने किंवा गॉझने हलका दाब द्या. कासवाला कोरड्या, उबदार खोक्यात स्वच्छ टॉवेलवर ठेवा. पाण्यातलं असलं तरी पाण्यात सोडू नका. हळद भरू नका, फेव्हिक्विक लावू नका. भेग वरून बंद होते आणि जंतू आत कोंडले जातात. जखमेवर माशा बसू देऊ नका. कवचाचा तुकडा निघाला असेल तर ओल्या गॉझमध्ये गुंडाळून बरोबर न्या. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा, जखम किरकोळ दिसली तरी. 'खातंय की, म्हणजे बरंय' हे कासवाच्या बाबतीत खरं धरू नये.

*प्रश्न : मग त्या कुत्र्याचं काय? आमच्याकडे अशी घटना झाली. आता घरातले म्हणतात, हा भरवशाचा राहिला नाही, देऊन टाका.*

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. देऊ नका. कासव चघळणारा कुत्रा उद्या नातवाला चावेल, असं अनुमान निघत नाही. नातू 'थांब' म्हणू शकतो. मुलांजवळ मोठ्यांनी असावं, ही काळजी तर कुठल्याही कुत्र्याच्या बाबतीत घ्यायचीच. पण या घटनेची शिक्षा त्याला नको. दोष द्यायचा तर निवड करू शकणाऱ्याला द्यावा. कुत्र्याने निवड केली नाही, कासवाने तर नाहीच. दोघांना एका खोलीत कुणी आणलं, ते आपल्याला माहीत आहे. युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला तयार झाला नाही. आपल्याला तर फक्त एक दार बंद ठेवायचं आहे.

*प्रश्न : ज्यांना बोलता येत नाही त्यांना खरंच दुःख कळतं का, की आपण आपलं त्यांच्यावर लादतो?*

देकार्तचा कल प्राण्यांना यंत्र मानण्याकडे होता. पुढे १७८९ साली बेंथमने प्रश्न बदलला. त्याने विचार करता येतो का, बोलता येतं का, हे बाजूला ठेवलं आणि सोसावं लागतं का, एवढंच विचारायला सांगितलं. आम्ही त्यात एकच भर घालू. सोसणं आपल्याला कळतं ते बहुधा आवाजावरून. त्यामुळे आवाज नसलेल्याचं सोसणं मोजण्यातून सुटतं, आणि हे फक्त कासवांच्या बाबतीत होत नाही. घरात एखादं माणूस गप्प गप्प राहायला लागलं की आपण म्हणतो, स्वभाव शांत आहे. तेव्हाही एकदा जाऊन विचारावं. कासवाला विचारता येत नाही, म्हणून तिथे आधीच दार लावून घ्यायचं.

वेळ झाली आहे. ज्यांच्याकडे दोन्ही प्राणी आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर पहिली गोष्ट पाहावी : त्या खोलीच्या दाराची कडी नीट बसते का.